ड्रॅगननं आग ओकलीच नाही : आनंद–कास्पारोव्ह १९९५, अकरावा डाव

अडीच घर

माळ्यावरच्या ट्रंकेत नववीतली बुद्धिबळाची वही सापडली. शंभरपानी, आत वर्तमानपत्रातली कात्रणं खळीनं चिकटवलेली. त्यातलं एक कात्रण इतक्या वेळा उलगडलं-दुमडलं गेलंय की घडीवरच्या चाली पुसल्यात. विश्वनाथन आनंद आणि तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला अकरावा डाव. गेल्या रविवारी तो परत पटावर मांडला, आणि तीस वर्षं जे मनात धरून बसलो होतो ते साफ चुकीचं निघालं. म्हणून हा धागा.

मनात काय होतं? कास्पारोव्हनं ड्रॅगन (काळ्याची एक सुरुवात) बाहेर काढला, ड्रॅगननं आग ओकली, आनंद भाजला. मित्रांना मी कैक वेळा असंच सांगितलंय, वर हातवारे करून.

ज्यांना तो सामना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ११ सप्टेंबर १९९५ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर सुरू झाला. जास्तीत जास्त वीस डाव. तेव्हा भारतात ग्रँडमास्टर मोजून दोन, आनंद आणि दिब्येंदू बारुआ. ठिपसे १९९७ मध्ये झाले. पहिले आठही डाव बरोबरीत सुटले. वर्गातली पोरं विचारायची, "तुझ्या आनंदचं काय झालं?" मी म्हणायचो, "बरोबरी." "अजून?" "अजून." त्यातच २१ सप्टेंबरला देशभर गणपती दूध प्यायला लागले, मग काय, पेपरात बुद्धिबळाला जागा कुठली! नवव्या डावात आनंद जिंकला आणि आमच्या घरात कुणालाही काही कळत नसताना शिरा झाला. दहाव्यात कास्पारोव्हनं खुल्या स्पॅनिश सुरुवातीत घरून तयार करून आणलेली चाल काढली, कोपऱ्यातला हत्ती खुशाल देऊन टाकला आणि हिशेब चुकता केला.

मग अकरावा. आनंदकडे पांढरी. कास्पारोव्ह ई४ ला सिसिलियन (म्हणजे सी५ नं उत्तर) खेळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्याचा सिसिलियन म्हणजे नायडॉर्फ किंवा शेवेनिंगेन हे पोटप्रकार. ड्रॅगन त्याच्या घरचा नव्हता. पाचव्या चालीला त्यानं जी-प्यादं एक घर पुढे सरकवलं, आणि आनंदच्या चमूची महिन्यांची तयारी निदान त्या दिवसापुरती पेटीत गेली.

ड्रॅगन म्हणजे काय? काळ्याची प्यादी डी६, ई७, एफ७, जी६, एच७ अशी उभी राहतात. त्या रेषेत एका रशियन खेळाडूला आकाशातला ड्रॅको तारकासमूह दिसला म्हणून हे नाव, असं सांगतात. आपल्याकडे त्या तारकासमूहाला कालेय म्हणतात, म्हणजे खरं तर ही 'कालेय पद्धत' म्हणायला हवी. जी७ वर बसलेला उंट लांब तिरक्या रेषेत थेट पांढऱ्याच्या वजीर-बाजूवर डोळा ठेवतो. पांढरा राजा नेमका तिकडेच किल्लेकोट करतो, काळा दुसऱ्या बाजूला. दोघंही एकमेकांच्या राजावर धावून जातात, ज्याची एक चाल उशिरा पडली तो मेला. पांढऱ्याची एच-पट्टी, काळ्याची सी-पट्टी. बचाव कसला, समोरासमोर टाकलेली दगडफेक आहे.

आता डाव. रा = राजा, व = वजीर, ह = हत्ती, उं = उंट, घो = घोडा, × = मारलं, + = शह, ०-० आणि ०-०-० = किल्लेकोट, शेवटचं ०-१ = काळा जिंकला.

१. ई४ सी५ २. घोएफ३ डी६ ३. डी४ सी×डी४ ४. घो×डी४ घोएफ६ ५. घोसी३ जी६ ६. उंई३ उंजी७ ७. एफ३ ०-० ८. वडी२ घोसी६ ९. उंसी४ उंडी७ १०. ०-०-० घोई५ ११. उंबी३ हसी८ १२. एच४ एच५ १३. राबी१ घोसी४ १४. उं×सी४ ह×सी४ १५. घो(डी४)ई२ बी५ १६. उंएच६ वए५ १७. उं×जी७ रा×जी७ १८. घोएफ४ ह(एफ)सी८ १९. घोडी५ व×डी२ २०. ह×डी२ घो×डी५ २१. घो×डी५ राएफ८ २२. हई१ हबी८ २३. बी३ हसी५ २४. घोएफ४ ह(बी)सी८ २५. राबी२ ए५ २६. ए३ राजी७ २७. घोडी५ उंई६ २८. बी४ ए×बी४ २९. ए×बी४ हसी४ ३०. घोबी६ ह×बी४+ ३१. राए३ ह×सी२ ०-१

यात आग कुठे दिसते सांगा. सतराव्या चालीला ड्रॅगनचा उंट पटावरून गेला. विसाव्याला दोन्ही वजीर गेले. एकविसाव्या चालीनंतर दोघांकडे दोन-दोन हत्ती, सात-सात प्यादी, पांढऱ्याकडे घोडा आणि काळ्याकडे उंट. पांढऱ्याचा घोडा डी५ वर ऐटीत बसलेला. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मी पांढरी घेतली असती.

आणि शेवट बघा. २७... उंई६ नंतर ई७ चं प्यादं उघडं पडलेलं दिसतं. ते खाल्लं तर? २८. घो×ई७ हई८, घोडा परत डी५ वर, उंट घोड्याला मारतो, आणि उंटाला कशानंही मारा, ई१ चा हत्ती जातो. हा सापळा आनंदला दिसला. दिसला नाही तो पुढचा. तिसाव्या चालीला घोडा बी६ वर उडी मारून दोन्ही हत्तींवर एकदम बसतो, बघणाऱ्याला वाटतं जिंकला. ह×बी४+, राजा ए३ वर येऊन हत्तीला भिडतो. आता काळ्याचे दोन्ही हत्ती मारात आहेत. आणि तेव्हा ह×सी२! हत्तीनं हत्ती मारला तर हबी३+, राजाला ए२ सोडून जागा नाही, मग हई३+ आणि ई६ च्या उंटाचा उघडा शह. हत्ती ई१ वरचा हत्ती गिळून बसतो. आनंदनं तिथेच हात पुढे केला.

म्हणजे हरवलं ते बरोबरीच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका चुकीनं. सिसिलियन ड्रॅगनचा पटावर काही संबंधच नाही. माझं आताचं म्हणणं असं की ड्रॅगन चावला तो पाचव्या चालीला, खुर्चीत बसलेल्या माणसाला. पटावर जे झालं ते पुढचं विष चढणं. तुम्हाला काय वाटतं?

तिरका उंट

चांगला धागा, पण पहिलाच आक्षेप. १३. राबी१ ही आनंदची स्वतःची निवड आहे. तिथे उंजी५ किंवा सरळ जी४ हे खरे भांडखोर रस्ते. आनंद तिकडे गेला नाही. १९ व्या चालीला तर त्यानंच घोडा सी३ वरून उचलून ए५ आणि डी२ मधला पडदा दूर केला, म्हणजे वजीर बदला असं त्यानंच सांगितलं. अनोळखी सुरुवात समोर आली की शहाणा माणूस पट साधा करतो, त्यात घाबरणं नाही. चाल २७ पर्यंत त्याची योजना यशस्वीच झाली होती की.

नवंप्यादं

१९ व्या चालीला अडले. घोडी५ कोणता घोडा? सी३ वरचा पण डी५ ला जातो आणि एफ४ वरचा पण. मी एफ४ वाला हलवला आणि पुढे व×डी२ जमेचना.

बाकी 'घोडी५' आणि 'वडी२' वाचून आमच्याकडे दहा मिनिटं हसणं चाललंय. लेक म्हणते आई, नारळाच्या वडी दोन आणि घोडी पाच.

अडीच घर

@नवंप्यादं, चूक माझी, सी३ वरचा घोडा. वहीतही तसंच लिहिलंय, म्हणजे नववीतही अडलोच असणार. धाग्यात बदल करायची मुदत गेली, त्यामुळे घोडी तशीच राहील.

@तिरका उंट, योजना यशस्वी झाली हे मान्य. माझा मुद्दा उलट तोच आहे. पट साधा करून घेतला आणि तरी साध्या पटावर चुकला. आनंदसारखा माणूस साध्या पटावर कधी चुकतो?

प्यादेमात

"कधी चुकतो?" याचं उत्तर सोपं आहे, आदला डाव हरल्यावर. दहावा डाव विसरताय तुम्ही. कास्पारोव्ह तयार चाली पटापट खेळायचा आणि दार आपटत ये-जा करायचा, ही तेव्हाची गाजलेली गोष्ट. आनंद एकटा बसून दुसऱ्याच्या घरचा अभ्यास पटावर सोडवत होता. तसा मार खाऊन आलेल्या माणसापुढे पुढच्याच डावात पुन्हा नवीन काहीतरी. मला विचाराल तर विष दहाव्या डावातलं, अकराव्यात फक्त फेस आला.

जर्सीकर

मी त्या वर्षी न्यू जर्सीत नवाच नोकरीला लागलो होतो. एक दिवस तिकीट काढून गेलो होतो वर, पण अकरावा डाव नव्हे, आधीच्या कंटाळवाण्या बरोबऱ्यांपैकी एक. दोघं काचेच्या खोलीत बसलेले, बाहेर लोक, पलीकडे सगळं शहर खाली पसरलेलं. आवाज आत जात नव्हता त्यामुळे मासे बघतोय असं वाटायचं. माझ्या शेजारी एक तमिळ काका डबा घेऊन आलेले, त्यांनी मला दहीभात दिला आणि आनंदची प्रत्येक चाल मला आधी सांगितली. दोनदा बरोबर आली.

सुरुवातीची तारीख वाचून जरा थबकलो. ११ सप्टेंबर. सहा वर्षांनी तो मजलाच राहिला नाही.

तिरका उंट

@प्यादेमात, पटतंय काही अंशी.

@अडीच घर, तुमच्या शीर्षकाला पूरक एक गोष्ट सांगतो, तुम्ही लिहिली नाहीत म्हणून. आनंदची १५. घोई२ ही चाल बघा. मागे जाणारी, मवाळ दिसते. पण ड्रॅगनचं सगळ्यात जहरी हत्यार कोणतं? सी-पट्टीवरचा हत्ती सी३ च्या घोड्यावर आपटून टाकायचा. हत्ती देऊन घोडा घ्यायचा, पांढऱ्याच्या राजापुढची प्यादी मोडायची आणि मग जी७ चा उंट मोकाट. घोडा ई२ वर आला की सी३ ला आधार मिळतो आणि ते बलिदान निकामी होतं. म्हणजे आनंदनं ड्रॅगनचा दातच उपटला.

ही कल्पना कार्पोव्हची, १९७४ ची. मॉस्कोत कोर्चनॉयविरुद्ध आव्हानवीर ठरवणारा सामना, दुसरा डाव. तिथे कोर्चनॉयनं एच५ खेळून एच-प्यादं अडवलं नव्हतं. कार्पोव्हनं १४. एच५ टाकलं, घोड्यानं ते खाल्लं, १५. जी४ नं घोड्याला परत हाकललं. एक प्यादं गेलं पण एच-पट्टी उघडली. मग १६. घोई२, शांतपणे. १७ ला उंट एच६ वर, उंटांची अदलाबदल, वजीर एच६ वर बसला. १९. हडी३ ही आणखी एक शांत चाल, सी३ ला पुन्हा आधार. आता ई२ चा घोडा मोकळा. २७ व्या चालीला वएच८+ आणि कोर्चनॉयनं डाव सोडला. ज्यांना खरोखर आग बघायचीय त्यांनी तो डाव मांडावा. फक्त आग पांढऱ्याकडून आहे.

त्यानंतर काळी बाजू खेळणाऱ्यांना कळलं की एच४ ला एच५ नं तिथेच गाडलं पाहिजे. अमेरिकन ग्रँडमास्टर सोल्टिसचं नाव त्या पद्धतीला आहे. कास्पारोव्हनं १२ व्या चालीला तेच केलं. म्हणजे दोघंही एकमेकांचे दात काढून बसले. उरलं काय? तुमचा तो बिनआगीचा डाव.

अडीच घर

वा! घोई२ आणि कार्पोव्हचा दुवा माझ्या डोक्यातच आला नव्हता. वहीत त्या चालीपुढे मी '??', म्हणजे घोडचूक, असं लिहून ठेवलंय. नववीतलं ज्ञान.

बुर्जीवाले आजोबा

आमच्या वडिलांना ही 'सुरुवातीची' भानगड कधीच पटली नाही. ते देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट नाही, पण राजाला एकदा घोड्याची चाल, शह बसायच्या आत. मोहरी जवळ यायलाच पंधरा चाली. त्यांच्यापुढे मी शाळेत शिकून आलेला सिसिलियन मांडला तर म्हणाले, "तुझा राजा इतक्या लवकर कोपऱ्यात का लपला?" त्यांना प्याद्यानं मात करण्यात खरा मान वाटायचा.

एक शंका. याला बचाव का म्हणतात? काळा तर पहिल्या चालीपासून मारामारीच करतोय.

प्यादेमात

आजोबा, पहिली चाल पांढऱ्याची म्हणून काळ्यानं निवडलेल्या बहुतेक उत्तरांना 'बचाव' म्हणायची रीत पडली. इंग्रजीतून आलं आणि आपल्या क्रीडा पानांनी तसंच ठेवलं. ड्रॅगनला बचाव म्हणणं म्हणजे मिरचीच्या ठेच्याला तोंडी लावणं म्हणणं. चूक नाही, पण खाणाऱ्याला सावध करत नाही.

मुळा-मुठा

मी ड्रॅगन खेळतो. म्हणजे खेळायचो. जिल्ह्याच्या एका स्पर्धेत, गाव सांगत नाही, समोर दहा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. मी मनात म्हटलं, पोरगी आहे, गोंधळेल. बाईंनी नवव्या चालीला उंट सी४, दहाव्याला एच४, आणि मी विसरलो एच५ करायला. पुढचं वरच्या प्रतिसादात कार्पोव्हच्या नावानं छापलंय तेच. एकविसाव्या चालीला मी हात पुढे केला तेव्हा ती घड्याळ थांबवून आईकडे पळाली, कारण बाहेर भेळ आली होती. तेव्हापासून कारो-कान, ई४ ला काळ्याची दुसरी सुरुवात.

फिशरनं पोर्तोरोझला १९५८ मध्ये लार्सेनचा ड्रॅगन फोडला तेव्हा तो पंधराचा होता. एच-पट्टी उघडायची, एक-दोन मोहरी द्यायची, मात करायची, असा पाढाच झाला होता म्हणे त्याचा. माझी प्रतिस्पर्धी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, त्यामुळे मला कमीपणा वाटत नाही.

तिरका उंट

😄 कारो-कानमध्येही वेण्या भेटतात, सावध राहा. नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून तर प्रत्येक तालुक्यात.

घड्याळ_पडलं

सगळे अकराव्यात अडकलेत. अहो, तेरावा डाव मांडा! तिथे ड्रॅगननं आग ओकली की नाही ते ठरवा. पुन्हा आनंदची पांढरी, पुन्हा ड्रॅगन. या वेळी आनंद वेगळा गेला, १२ व्या चालीला सी६ वर घोडा मारला, आणि किल्लेकोट केलाच नाही. १८. ई×डी५ ई५ १९. डी×ई६ डी५, आणि बघता बघता मधली प्यादी काळ्याच्या ताब्यात. राजा ई१ वर उघडा, २३ व्या चालीला एफ१ वर सरकला. काळ्याचे हत्ती ई-पट्टीवर एकामागे एक. २५... घोई४ आणि संपलं. पंचवीस चालींच्या डावात पांढऱ्याच्या दोन्ही हत्तींनी एकही चाल केली नाही. एकही. ए१ आणि एच१, जसे मांडले तसे. जगज्जेतेपदाच्या सामन्यात आनंदचे हत्ती असे बसून राहावेत, हे ड्रॅगनचं काम नाही तर कुणाचं?

अडीच घर

@घड्याळ_पडलं, तेरावा आत्ता मांडला. हत्तींचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी दोनदा मोजलं.

पण मला तो माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. अकराव्यात आनंदनं रुळलेला रस्ता धरला, दात उपटला, तरी हरला. तेराव्यात तो रुळलेला रस्ताच सोडून दिला आणि घरी बसून शोधलेलं काहीतरी वेगळं आणलं. चांगला चाललेला रस्ता माणूस का सोडतो? शिवाय चौदाव्यात त्यानं काळी घेऊन ई४ ला डी५ केलं, स्कँडिनेव्हियन! जगज्जेतेपदाच्या सामन्यात! तोही हरला. नऊ डाव न हरलेला माणूस पुढच्या पाचांत चार हरला, दहा, अकरा, तेरा, चौदा. शेवटी साडेदहा विरुद्ध साडेसात. अठराव्या डावानंतर सामना संपला.

नवरात्राचे दिवस होते ते. रोज सकाळी पेपर आधी कुणी उघडायचा यावर बहिणीशी भांडण. चौदाव्या डावानंतर मी भांडायचं सोडलं.

प्यादेमात

आता तुम्ही माझ्याच बोलण्यावर आलात की! अकरावा ही साखळीतली एक कडी. साखळी दहाव्यापासून.

तिरका उंट

दोघांनाही एक प्रश्न. कास्पारोव्हच्या जागी बसून बघितलंत का? नवव्या डावात शेवेनिंगेन मोडला गेला. म्हणजे पुढच्या वेळी काळी आल्यावर काय खेळायचं हा प्रश्न आधी त्याला पडला असणार. त्यानं स्वतःचं आवडतं हत्यार टाकून परकं उचललं. ही धिटाई आहे की घबराट? जिंकला म्हणून धिटाई म्हणतो आपण. २८ व्या चालीला आनंदनं बी४ ऐवजी दुसरं काही खेळून बरोबरी केली असती तर आज तुम्ही धागा काढला असतात, 'कास्पारोव्ह का घाबरला'.

मुळा-मुठा

+१. मीही पोरीसमोर कारो-कान खेळलो असतो तर धिटाईच म्हटलं असतं.

अडीच घर

@तिरका उंट, हे मात्र लागलं. वहीतल्या नववीच्या मुलाला नायक आणि खलनायक हवे होते, आणि बहुधा मी त्यालाच अजून जपतोय.

एक बाकी राहिलं. कुणीतरी खासगी निरोपात विचारलंय की ३१... ह×सी२ नंतर ३२. रा×बी४ का नाही, एक हत्ती फुकट मिळतो ना? फुकट नाही. ह×डी२, तिकडेही हत्ती गेला. मग राजा बी५ चं प्यादं खाईल, काळा हत्ती जी२ चं. काळ्याकडे पाच प्यादी, पांढऱ्याकडे तीन, शिवाय एच४ लंगडं. आनंद तिथे पुढे खेळत बसणाऱ्यातला नाही.

नवंप्यादं

सी३ वरच्या घोडीसकट पूर्ण डाव मांडला. आमच्या पटावर काळ्याचं एक प्यादं हरवलंय, डी६ वर कॅरमची सोंगटी होती. ती शेवटपर्यंत मेली नाही याचं लेकीला फार कौतुक.

३१ व्या चालीला ती म्हणाली, पांढऱ्यानं का सोडला, अजून तर दोघांकडे हत्ती आहेत. मग तिला हबी३+, राए२, हई३+ करून दाखवलं. उंटाचा शह तिला आधी दिसलाच नाही, कारण तो हललाच नव्हता. "म्हणजे तो नुसता बसून होता?" म्हणाली. दोनदा परत मांडायला लावलं.

आता तिला काळी हवीत. मी पांढरी घेऊन बसलेय आणि तिनं आत्ताच जी६ केलं. @तिरका उंट, एच४ कितव्या चालीला म्हणालात?